टेंभूचे आगरकर

कऱ्हाडच्या परिसरात ‘टेंभू’ हा शब्द उच्चारला की आज ऐकणाऱ्याला पाणी आठवते. कृष्णाकाठचे हे लहानसे गाव. येथून उचललेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून कडेगाव, खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ अशा कोरड्या तालुक्यांकडे नेले जाते. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून शिकायला येणाऱ्या आपल्या कित्येक मित्रांना टेंभू ठाऊक आहे तो या उपसा सिंचन योजनेमुळे. पण या गावाने महाराष्ट्राला पाण्याच्या कितीतरी आधी आणखी एक देणगी दिली होती. १४ जुलै १८५६ रोजी या गावात एका गरीब ब्राह्मण कुटुंबात एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचे नाव आपण शाळेपासून ऐकतो. समाजसुधारकांच्या यादीत ते असते, परीक्षेत त्यांच्यावर टीप लिहावी लागते आणि टीप लिहून झाली की ते नाव आपण विसरतो. परंतु या माणसाच्या चरित्रात असा एक प्रश्न आहे की जो पदवीसाठी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःला विचारण्यासारखा आहे. शिकलेल्या माणसाने आपल्या विद्येचे काय करावे, हा तो प्रश्न. आगरकरांनी त्याचे उत्तर लिहून दिले आणि तसे जगूनही दाखवले. त्या जगण्याची ही थोडक्यात हकीगत.

आगरकरांच्या घरी अठराविसे दारिद्र्य होते. मुलाला शिकवण्याची आईवडिलांची ऐपत नव्हती. म्हणून गोपाळ कऱ्हाडला आजोळी राहून शिकू लागला. तेथे इंग्रजीच्या थोड्या इयत्ता झाल्या आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली. त्या काळी थोडेफार लिहितावाचता येणाऱ्या गरीब मुलापुढे एकच वाट असे. कचेरीत उमेदवारी करायची, साहेबाची मर्जी संपादन करायची आणि पुढेमागे कारकुनाची जागा मिळवायची. गोपाळने कऱ्हाडच्या कोर्टात काही दिवस अशी उमेदवारी केली. पण त्याचे मन त्यात रमेना. शिकण्याच्या ओढीने त्याने रत्नागिरी गाठली. सह्याद्री ओलांडून हा प्रवास त्याने पायी केला. परंतु तेथेही जेवणाची आणि राहण्याची नीट सोय लागेना. अखेर तो कऱ्हाडला परतला आणि एका दवाखान्यात कंपाउंडरचे काम करू लागला. पुड्या बांधायच्या, औषधाच्या बाटल्या भरायच्या आणि उरलेल्या वेळात हाती लागेल ते पुस्तक वाचायचे, असा त्याचा क्रम होता.

शेवटी नातेवाइकांच्या आधाराने तो वऱ्हाडात अकोल्यास गेला आणि त्याच्या आयुष्याला वळण लागले. अकोल्याच्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान शिक्षक त्याला लाभले. ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रातून त्याने लिहायलाही आरंभ केला. १८७५ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि पुण्यास डेक्कन कॉलेजात दाखल झाला. शिष्यवृत्ती, निबंधांची बक्षिसे आणि किरकोळ लेखन यांवर त्याने कॉलेजचा खर्च भागवला. अंगावर एकच सदरा असल्यामुळे तो रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे, ही त्यांची हकीगत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती ऐकताना आपल्याला त्यांच्या गरिबीची कणव येते. पण तेवढ्यावर थांबणे बरोबर नाही. गरिबीत शिकलेले विद्यार्थी त्या काळी पुष्कळ होते, आजही आहेत. आगरकरांचे वेगळेपण दिसते ते शिक्षण पुरे झाल्यानंतर.

डेक्कन कॉलेजात त्यांनी इतिहास आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या दोन इंग्रज विचारवंतांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. कोणतीही गोष्ट केवळ जुनी आहे म्हणून खरी मानायची नाही, ती बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहायची, हा धडा त्यांनी या ग्रंथांतून घेतला. १८७८ साली ते बी.ए. झाले आणि १८८० साली एम.ए. झाले. एम.ए. ही पदवी तेव्हा इतकी दुर्मिळ होती की ती मिळवणाऱ्यासमोर सरकारी नोकरीची दारे आपोआप उघडत. टेंभूच्या घरी आई याच दिवसाची वाट पाहत होती. मुलगा मोठा हुद्देदार होईल, घरचे दारिद्र्य फिटेल, म्हातारपणी चार सुखाचे दिवस येतील, असे तिला वाटत असले तर त्यात काय चुकले?

याच सुमारास आगरकरांनी आईला ते प्रसिद्ध पत्र लिहिले. मोठाल्या पगाराच्या नोकरीची आशा माझ्याकडून धरू नकोस, पोटापुरते मिळाले म्हणजे मी संतोष मानीन आणि माझा सारा वेळ लोकांच्या हितासाठी खर्च करीन, अशा आशयाचे ते पत्र आहे. या पत्राचा गौरव आपण नेहमी करतो. पण ते वाचून, किंवा कोणाकडून तरी वाचवून घेऊन, त्या माउलीला काय वाटले असेल याचा विचार फारसा कोणी करीत नाही. आगरकरांनी स्वतः तो विचार केला असला पाहिजे. ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन वाढवले त्या घराला हे सांगणे सोपे नव्हते. त्यागाची किंमत त्याग करणाऱ्या एकट्याला भरावी लागत नाही, त्याच्या घरच्यांनाही भरावी लागते. आगरकरांच्या चरित्रातील ही पहिली मोठी कसोटी होय.

डेक्कन कॉलेजातच १८७९ च्या सुमारास त्यांची आणि बाळ गंगाधर टिळक यांची मैत्री जमली. टिळक तेव्हा कायद्याचा अभ्यास करीत होते. कॉलेजच्या परिसरातील टेकडीवर रात्री उशिरापर्यंत दोघांच्या गप्पा चालत. विषय एकच असे, देशाची स्थिती कशी सुधारेल? सरकारी चाकरी करायची नाही आणि लोकांना शिक्षण देण्यास आयुष्य वाहायचे, असे त्यांनी ठरवले. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले होते. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि एम.ए. होताच आगरकर त्यात सामील झाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन पत्रे सुरू झाली. मराठी ‘केसरी’चे संपादक आगरकर झाले आणि इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे गेला. टिळकांचा ‘केसरी’ असे आपण म्हणतो, पण त्याचे पहिले संपादक टेंभूचे आगरकर होते आणि १८८७ पर्यंत ती जबाबदारी त्यांनी वाहिली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पत्रे सुरू होऊन वर्षही झाले नाही तोच संकट आले. कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी यांना तेथील दिवाण महादेव वासुदेव बर्वे यांच्या कारभारात छळ सोसावा लागतो, अशी माहिती पुढे आली. दोन्ही पत्रांनी त्यावर कडक लेख लिहिले. लेखांना आधार म्हणून जी पत्रे मिळाली होती ती खोटी ठरली आणि बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. या वेळी जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे हे जामिनासाठी पुढे आले, ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे. १८८२ च्या जुलैमध्ये टिळक आणि आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघे एकशे एक दिवस राहिले आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटले.

तुरुंगात दोघांचे वादविवाद इतक्या मोठ्याने चालत की पहारेकऱ्यांना येऊन दटावावे लागे. त्या दिवसांची हकीगत आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ या पुस्तकात मोठ्या खेळकरपणे लिहिली आहे. याच काळात शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतरही त्यांनी हाती घेतले होते. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले आणि गणपतराव जोशी यांची हॅम्लेटची भूमिका महाराष्ट्रभर गाजली. शाहूनगर म्हणजे आपला सातारा. टेंभूच्या माणसाने शब्द दिले आणि साताऱ्याचे नाव लावणाऱ्या मंडळीने ते लोकांपर्यंत नेले. इंग्रजी नाटककाराला मराठी माणसाच्या ओळखीचे करण्याचे काम अशा रीतीने आपल्याच मुलखाने केले.

पाश्चात्त्य विद्येचे काय करायचे हा प्रश्न त्या काळी केवळ आपल्याच देशाला पडला होता असे नाही. जपानलाही तो पडला होता. जपानने दोनशे वर्षांहून अधिक काळ आपली दारे युरोपीय लोकांना बंद ठेवली होती. नागासाकी बंदरात फक्त डच व्यापाऱ्यांना मुभा होती. त्यामुळे पश्चिमेकडून येणारे वैद्यक, ज्योतिष, तोफखान्याचे शास्त्र डच भाषेतूनच येई आणि तेथे पाश्चात्त्य विद्येला डच विद्या असेच नाव पडले होते. फुकुझावा युकिची हा या विद्येचा शेवटच्या पिढीतला एक मोठा पंडित. आगरकरांहून तो वीसएक वर्षांनी मोठा. जन्म १८३५ चा, कनिष्ठ दर्जाच्या सामुराई घराण्यातला. वडील लहानपणीच वारले. ओसाका शहरात ओगाता कोआन या वैद्याच्या शाळेत तो कष्टाने डच भाषा शिकला. पुढे १८५९ साली योकोहामा बंदरात गेला असता त्याच्या ध्यानात आले की दुकानांवरच्या पाट्या इंग्रजीत आहेत आणि आपली डच भाषा येथे निरुपयोगी आहे. तो खचला नाही. दुसऱ्याच दिवसापासून इंग्रजी शिकायला बसला. त्याने शाळा चालवली, तिचे पुढे केइओ विद्यापीठ झाले. सरकारी अधिकार त्याने घेतला नाही. १८८२ साली त्याने वृत्तपत्र काढले. स्त्रियांच्या दास्यावर टीका केली. १९०१ साली तो वारला.

शाळा, कॉलेज, वृत्तपत्र, स्त्रियांची बाजू, सरकारी नोकरीला नकार, ही सारी लक्षणे आगरकरांशी किती जुळतात! पण शेवट मात्र जुळत नाही. फुकुझावा सन्मानाने जगला. १९८४ पासून २०२४ पर्यंत जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्याची छबी होती. आगरकरांच्या वाट्याला काय आले ते पुढे दिसेलच. हा फरक का पडला? याचे मोठे कारण असे दिसते की जपान स्वतंत्र होता. तेथे पाश्चात्त्य विद्या ही परक्यांपासून स्वतःला वाचवण्याचे साधन ठरली. आपल्याकडे ती राज्यकर्त्यांच्या हाताला धरून आली. त्यामुळे जो ती घेईल आणि तिच्या प्रकाशात आपल्या घरातले दोष दाखवील तो राज्यकर्त्यांचा मिंधा, अशी शंका लोकांना येणे साहजिक होते. आगरकरांना सारे आयुष्य या शंकेशी झगडावे लागले. वास्तविक इंग्रजी राज्याची त्यांनी गय केली नाही. हिंदुस्थानचे राज्य कोणाच्या हितासाठी चालले आहे, हा रोखठोक सवाल त्यांनी आपल्या लेखाच्या मथळ्यातच केला. देशाला दरिद्री करणाऱ्या कारभारावर त्यांनी कडाडून लिहिले. परंतु जी कसोटी परक्या सरकारला लावायची तीच आपल्या रूढींनाही लावायची, एवढाच त्यांचा आग्रह होता. पहिली गोष्ट लोकांना आवडे, दुसरी आवडत नसे.

१८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले. आगरकर तेथे प्राध्यापक झाले. बाहेरून पाहणाऱ्यास सारे सुरळीत चालले आहे असे वाटले असेल. पण मंडळींत मतभेद वाढत होते. बालविवाह बंद व्हावेत, त्यासाठी गरज पडली तर कायदा व्हावा, विधवांचे केशवपन थांबावे, मुलींना मुलग्यांसारखेच शिक्षण मिळावे, अशी आगरकरांची मते होती. आधी राजकीय हक्क मिळवावेत, सामाजिक सुधारणा समाजाने स्वतःच्या गतीने कराव्यात, परक्या सरकारला त्यात हात घालू देऊ नये, अशी टिळकांची बाजू होती. दोघेही निःस्वार्थी, दोघेही हट्टी. एकाच पत्रातून दोन आवाज निघणे शक्य नव्हते. ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. ज्या पत्राला जन्मापासून वाढवले ते सोडताना त्यांना काय यातना झाल्या असतील! टेकडीवर रात्री जागवणारे आणि तुरुंगात एकत्र राहिलेले मित्र यापुढे एकमेकांविरुद्ध लिहू लागले.

१५ ऑक्टोबर १८८८ रोजी आगरकरांनी ‘सुधारक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. मराठी बाजू ते स्वतः सांभाळीत. इंग्रजी बाजूसाठी बावीस वर्षांचे तरुण गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्या मदतीला आले. हे पत्र काढण्याचा हेतू त्यांनी आरंभीच स्पष्ट केला. आपले मूळचे भारतीयपण सोडायचे नाही, पण पश्चिमेकडून येणाऱ्या नव्या शिक्षणाचा आणि विचारांचा विवेकाने स्वीकार करायचा, तरच आपला निभाव लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. आगरकर म्हणजे इंग्रजांची नक्कल करायला सांगणारे, असा समज ज्यांच्या मनात असेल त्यांनी हा लेख जरूर वाचावा.

‘सुधारक’मधून त्यांनी किती विषय हाताळले हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. देवांची कल्पना माणसाच्या मनात कशी आली, सोवळ्याओवळ्याचा अर्थ काय, प्रेतसंस्कारांतील विचित्रपणा कोणता, स्त्रियांनी जाकिटे का घालावीत, मुलामुलींना एकच शिक्षण एकत्र का द्यावे, असे हे विषय. आज यांतले काही आपल्याला किरकोळ वाटतील. पण रूढी माणसाला पकडते ती अशा किरकोळ गोष्टींतूनच. काय ल्यावे, कोणाच्या हातचे खावे, विधवेने डोक्यावर केस ठेवावेत की नाही, या घरगुती गोष्टींचा निकाल शास्त्र आणि रूढी लावीत आणि ज्या व्यक्तीवर तो लादला जाई तिला कोणी विचारीत नसे. आगरकरांचा सारा रोख त्या न विचारल्या गेलेल्या व्यक्तीकडे होता. त्यांची भाषा तिखट होती. उपहास करताना ते हात राखीत नसत. परंतु त्या उपहासाच्या तळाशी दहा-बारा वर्षांच्या विधवेबद्दलचा कळवळा आहे हे कोणाही सहृदय वाचकाला जाणवते.

१८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेणारा हा कायदा. एवढ्याशा बदलासाठी महाराष्ट्रात आणि बंगालात रणे माजली! आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले आणि पुण्यातील सनातन मंडळींचा रोष त्यांच्यावर उसळला. आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली आणि ती त्यांच्या दारावरून नेण्यात आली, ही आठवण आजही सांगितली जाते. स्वतःची तिरडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा प्रसंग किती जणांवर येतो? त्यांनी तो सोसला आणि पुढच्या अंकाचा मजकूर लिहायला बसले.

घरात मात्र ते अत्यंत सौम्य होते. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, देवधर्म मानणाऱ्या होत्या. स्वतः देवाविषयी संशयवादी असूनही आगरकरांनी त्यांच्या पूजाअर्चेच्या आड कधी येऊ दिले नाही आणि आपली मते त्यांच्यावर लादली नाहीत. काहींना यात विसंगती दिसते. मला यात त्यांच्या विचाराची सचोटी दिसते. ज्याने आयुष्यभर सक्तीचा धिक्कार केला तो घरात सक्ती कशी करील? मत पटवून द्यायचे असते, लादायचे नसते, हे त्यांनी घरापासून पाळले.

ऑगस्ट १८९२ मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे निधन झाले आणि फर्ग्युसनच्या प्राचार्यपदाची धुरा आगरकरांवर आली. त्यांच्या कारकिर्दीतच, १८९३ साली, कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला. आगरकरांनी जे लिहिले ते कर्व्यांनी करून दाखवले आणि पुढे स्त्रीशिक्षणाचा केवढा मोठा वृक्ष उभा केला हे आपण जाणतोच. त्याच साली जमखंडीचा एक गरीब मराठा विद्यार्थी फर्ग्युसनमध्ये दाखल झाला. अस्पृश्यतानिवारणाला आयुष्य वाहणारे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ते हेच.

येथे आगरकरांच्या मर्यादेविषयीही लिहिले पाहिजे. व्यक्तिपूजा त्यांना मान्य नव्हती, तेव्हा त्यांचीही ती करणे योग्य होणार नाही. त्यांचे बहुतेक लेखन पांढरपेशा घरांतील प्रश्नांभोवती फिरते. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी त्याच पुण्यात १८७३ साली सत्यशोधक समाज काढून शेतकऱ्यांचे आणि अस्पृश्यांचे दुःख वेशीवर टांगले होते. आगरकरांनी जातिभेदावर टीका केली, पण शेतात राबणाऱ्या माणसाचे जग त्यांच्या लेखणीत तितके आले नाही. फुले आणि आगरकर या दोन धारा त्या वेळी एकत्र वाहिल्या असत्या तर महाराष्ट्राचे चित्र कदाचित निराळे दिसले असते. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाजवळ राहणाऱ्या आपल्याला ही चुटपुट अधिकच जाणवावी.

आगरकरांना दम्याचा जुना विकार होता. अपुरे उत्पन्न, कॉलेजचे काम, पत्राचे काम आणि सततचा लोकापवाद यांनी शरीर पोखरत गेले. अखेरच्या आजारात टिळक त्यांना भेटून गेले. १७ जून १८९५ रोजी आगरकरांनी देह ठेवला. एकोणचाळीस वर्षे पुरी व्हायला अजून जवळजवळ एक महिना बाकी होता. आपल्या अंत्यविधीचा भार पत्नीवर किंवा दुसऱ्या कोणावर पडू नये म्हणून त्यांनी त्यापुरते पैसे एका पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. महाराष्ट्रातल्या एका अग्रगण्य कॉलेजचा प्राचार्य, आणि त्याची शिल्लक एवढी! आईला लिहिलेल्या पत्रातला शब्द त्यांनी असा अक्षरशः खरा केला. ‘केसरी’त टिळकांनी जुन्या मित्रावर मृत्युलेख लिहिला. जो ‘केसरी’ आगरकरांनी सोडला होता त्यातच त्यांच्या थोरवीची नोंद झाली.

माणूस गेला, पण काम थांबले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९९ साली, सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख घराघरांत पोचले. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी आगरकरांना आपल्या आदर्शांत स्थान दिले आणि त्यांच्यावर पुस्तक लिहिले. आगरकर ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते त्या सोसायटीने साताऱ्यात न्यू इंग्लिश स्कूल चालवले आणि १९१९ साली सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढले. टेंभूहून पुण्यास गेलेली विद्या अशी फिरून आपल्या दोन्ही जिल्ह्यांत परत आली.

या दोन्ही संस्थांत शिकलेला एक विद्यार्थी पुढे डॉक्टर झाला. तो चांगला कबड्डीपटू होता. डॉक्टरी बाजूला ठेवून त्याने गावोगाव फिरून लोकांना एकच गोष्ट सांगितली, विचार करा, तपासून पाहा, मग विश्वास ठेवा. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ते हेच. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. एकोणिसाव्या शतकात आगरकरांची तिरडी निघाली ती खोटी होती. एकविसाव्या शतकात ती खरी निघाली. आपण पुढे गेलो की मागे आलो, याचा विचार आपण सर्वांनी शांतपणे केला पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांची आई घरी वाट पाहते आहे. पोरगा किंवा पोरगी पदवीधर होईल, नोकरीला लागेल, डोक्यावरचे कर्ज फिटेल, या आशेवर तिने आपल्याला येथे पाठवले आहे. ती आशा खोटी नाही आणि नोकरी करणे हे पापही नाही. आगरकरांसारखे पत्र आपण सर्वांनी घरी लिहावे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि माझ्याने ते लिहिले जाणार नाही हेही मी जाणतो. पण आगरकरांनी शिकलेल्या माणसाकडून मागितले ते इतके अवघड नव्हते. जे वर्गात शिकलो ते उंबऱ्यावर चपलांबरोबर काढून ठेवू नका, एवढेच ते मागत होते. बहिणीचे लग्न ठरताना, हुंड्याची बोलणी चालताना, घरातल्या विधवा काकूला हळदीकुंकवाच्या दिवशी आत बसायला सांगितले जाताना, जात विचारून कोणाला पाणी देताना आपली विद्या आपल्याबरोबर असते का? एम.ए. झालेला टेंभूचा मुलगा हा प्रश्न आपल्याला आजही विचारीत आहे.

टेंभूचे पाणी उंचावरच्या कोरड्या शिवारात नेण्यासाठी मोठमोठे पंप लागतात, कारण पाणी आपण होऊन चढ चढत नाही. विद्येचेही तसेच आहे. ती पुस्तकातून घरात आपोआप येत नाही, ती कोणीतरी उचलून न्यावी लागते. आगरकरांनी ती एकट्याने, धाप लागलेली असताना, आयुष्य संपेपर्यंत उचलली.